सुभेदारांची गोळी

माझे सासरे दौलतसिंह भोईटे ग्वाल्हेर राज्याच्या पलटणीत सुभेदार होते. नव्या रंगरुटांना कवायत शिकवणं हे त्यांचं काम, आणि त्या कामाला लागतो तसा आवाज त्यांना मिळाला होता. सासूबाई सांगायच्या, मैदानावर हे ‘सावधान’ म्हणाले की पलीकडच्या रस्त्यावरचे टांगेवालेसुद्धा ताठ बसत. शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनमधून आलेलं हे घराणं. बाप, आजा, पणजा सगळे शिपाईगडी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, माधवगंजात देवळामागच्या गल्लीत त्यांचं साधंसं घर होतं.

मी सून म्हणून त्या घरात आले १९५४ साली. त्याआधीचं मला सासूबाईंनी, म्हणजे उषाताईंनी सांगितलं, आणि थोडं खुद्द मामासाहेबांनी. सासऱ्यांना मी मामासाहेब म्हणायची.

१९४८ च्या उन्हाळ्यात ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थानं मिळून मध्य भारत झाला. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. लष्कर भागातल्या मराठी घरांत तेव्हा दुसरा विषयच नसे. कुणाचं खातं इंदूरला गेलं, कुणाचं दुसऱ्या खात्यात मिसळलं, कुणाचा दरबारातला हुद्दा होता तो एका हुकमाने संपला. पलटणी हिंदी सैन्यात सामील होणार हे ऐकू येत होतं, पण सगळ्यांनाच घेतील याची खात्री कुणी देत नव्हतं.

मामासाहेब त्याच हिवाळ्यात बदलायला लागले. अंधार असताना उठणारा माणूस ऊन वर आलं तरी अंथरुणातच. आवाज घोगरा झाला, तोंडात सुपारी धरून बोलावं तसा. चेहऱ्यावर सूज, पापण्या जड. बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागे, की विचारणारा दुसरं बोलायला सुरुवात करी.

आले-गेले म्हणत, “रियासत गेली ना. सुभेदारांनी मनाला लावून घेतलंय.”

आणि ते कुणाला खोटं वाटायचं कारण नव्हतं. गल्लीत असे खचलेले आणखी दोघे-तिघे होतेच. एक जुने दरबारी तर दिवसभर ओट्यावर बसून असत, कुणाशी बोलत नसत. मामासाहेबांनाही स्वतःबद्दल तसंच वाटत होतं. फरक एवढाच, की त्यांना त्याची लाज वाटत होती. शिपायाने असं गळून जावं हे त्यांना पटत नव्हतं, आणि काही केल्या अंगात जोर येत नव्हता.

पलटणींच्या सामिलीकरणाची वेळ आली तेव्हा निवडीसाठी बाहेरचे अधिकारी आले. मामासाहेबांना एक तुकडी चालवून दाखवायची होती. उभ्या आयुष्यात हजार वेळा केलेलं काम. तुकडी निघाली, मैदानाच्या टोकाला पोचायच्या आत ‘पीछे मुड’ म्हणायचं होतं. शब्द तोंडात येईना. जवान चालत गेले ते थेट तारेच्या कुंपणापर्यंत, आणि पहिली रांग तारेला नाक लावून जागच्या जागी पाय आपटत राहिली. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी हुकूम दिला.

“कुणी हसलं नाही,” मामासाहेब मला म्हणाले होते. “हसले असते तर बरं झालं असतं.”

त्यांना पेन्शन देऊन घरी पाठवलं.

घरी आल्यावर त्यांनी बाज धरली. कुणी अंगारा आणून दिला, कुणी ब्राह्मी तेल डोक्यावर थापायला सांगितलं, एका वैद्यांनी चाटण दिलं. सासूबाईंनी सगळं केलं. कशाचा उपयोग झाला नाही.

मग मे महिना आला. ग्वाल्हेरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. लू अशी वाहते की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. दाराला वाळ्याची टट्टी लावून, तिच्यावर पाणी मारून माणसं ओल्या फरशीवर पडून राहतात. अशा एका दुपारी मामासाहेब बाजेवरून म्हणाले, “अहो, माझी रजई कुठे ठेवलीत?”

सासूबाईंना वाटलं, ताप भरला. कपाळाला हात लावला तर गार. हात गार, पाय गार. त्यांनी रजई काढून दिली, आणि ती छातीपर्यंत ओढून घेऊन मामासाहेब स्वस्थ झोपले.

सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. पण संसारात डोळे उघडे ठेवून वावरलेल्या. त्या मला म्हणाल्या, “मी तिथेच खाली बसून विचार केला. माझे वडील गेले तेव्हा आई दुःखाने वाळली होती. हे जेवतात चिमणीएवढं आणि फुगत चाललेत. दुःखाने माणसाला झोप लागत नाही, हे रात्रंदिवस झोपतात. आणि लूमध्ये थंडी वाजवणारं दुःख मी तरी ऐकलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टांगा बोलावला. मामासाहेब नको नको म्हणत होते. सासूबाईंनी त्यांच्या अंगात कोट चढवला आणि नया बाजारात डॉक्टर लक्ष्मीकांत भागवत यांच्या दवाखान्यात नेलं. भागवत मुंबईला शिकून आलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी नाडी बराच वेळ धरून ठेवली. डोळे, जीभ, गळा पाहिला. भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली होती, त्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “सुभेदार, या खुर्चीवर गुडघे टेका. पाठ माझ्याकडे करा, पावलं बाहेर लोंबू द्या.”

एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा खुर्चीवर गुडघे टेकून बसला. डॉक्टरांनी टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, आणि परत खाली यायला त्याने इतका वेळ घेतला की सासूबाईंनाही ते दिसलं. डॉक्टरांनी आपल्या कंपाउंडरला तसंच बसवून हातोडी मारून दाखवली. त्याचं पाऊल उडालं आणि लगेच जागेवर आलं.

“पाहिलंत?” डॉक्टर म्हणाले. “गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते, थायरॉइड. तिचा रस रक्तात मिसळतो आणि सगळ्या शरीराचं काम त्याच्या जोरावर चालतं. तुमच्या ग्रंथीचा रस कमी पडतोय. म्हणून थंडी, सूज, झोप. आवाज गेला तोही त्यानेच.”

मामासाहेब खुर्चीवरून उतरले. “म्हणजे हे मनाचं नाही?”

“मनाला दुःख झालं असेल. या शहरात ते कुणाला झालं नाही? पण दुःखाने पाऊल असं वागत नाही.”

“हे कधीपासून असेल, डॉक्टरसाहेब?”

“तुम्ही सांगता त्यावरून दोन-तीन वर्षं तरी.”

मामासाहेबांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, “पलटणीची निवड झाली त्या दिवशी मला हुकूम आठवला नव्हता.”

“तेव्हा तुम्ही आजारी होता.”

परतीच्या टांग्यात त्यांनी फेट्याचा शेव तोंडावर ओढून घेतला. सासूबाई दुसरीकडे बघत राहिल्या.

औषध म्हणजे फिकट तपकिरी रंगाच्या लहान गोळ्या. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सासूबाईंना समोर बसवून सगळं समजावलं होतं. सुरुवात अगदी थोड्याने, अर्ध्या गोळीने. रोज सकाळी, एकाच वेळी. फरक लगेच दिसणार नाही, काही आठवडे जातील. “शरीर इतकी वर्षं सावकाश चालतंय, त्याला एकदम पळवलं तर हृदय थकेल. या वयात तर जपायलाच हवं. मात्रा मी वाढवीन, तुम्ही नाही. छातीत दुखलं, धडधडलं, हात कापले, झोप उडाली, तर त्या दिवसापासून गोळी बंद आणि माझ्याकडे यायचं. आणि बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. ही गोळी बहुतेक जन्मभर घ्यावी लागेल.”

सासूबाईंनी विचारलं, “कशाची करतात ही?”

डॉक्टरांनी लपवलं नाही. “जनावराच्या ग्रंथीची. वाळवून पूड करतात. मेंढी असेल, गुरंही असेल, डुक्करही. कंपनी सांगत नाही.”

घरात मटण होत असे, पण हे वेगळं होतं. सासूबाई त्या दिवशी देवापुढे जरा जास्त वेळ बसल्या. उठल्यावर म्हणाल्या, “औषधाला विटाळ नसतो.” विषय तिथेच संपला. गोळ्यांची बाटली मात्र त्यांनी देवघराच्या फडताळात न ठेवता दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवली. ओल लागू नये म्हणून झाकण घट्ट लावायचं, हे डॉक्टरांनी बजावलं होतंच.

ऊब आधी पायांत आली. आषाढात मामासाहेब मोजे काढून झोपले. मग शौचाला साफ होऊ लागलं, मग चेहऱ्याची सूज उतरली, नाक पुन्हा नाकासारखं दिसायला लागलं. एकदा सासूबाई आत पोळ्या लाटत असताना बाहेरून हाक आली, “अरे दूधवाले, आज पाणी कितना मिलाया?” त्या लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. आवाज पूर्वीचा नव्हता, पण त्या आवाजाचा धाकटा भाऊ म्हणावा इतपत होता.

मधे एक गोंधळ मात्र झाला. मामासाहेबांचा सोमवारचा उपास. त्या दिवशी ते गोळी घेत नसत, आणि भरपाई म्हणून मंगळवारी दुप्पट घेत. डॉक्टरांना हे सहज बोलण्यात कळलं तेव्हा ते म्हणाले, “सुभेदार, पहाऱ्यावरचा शिपाई सोमवारी आला नाही, तर मंगळवारी दोन उभे करून सोमवारची चोरी थांबते का?” मामासाहेब हसले. तेव्हापासून उपासालाही गोळी पाण्याबरोबर जाऊ लागली. चुकून राहिलीच, तर दुसऱ्या दिवशी फक्त दुसऱ्या दिवसाची.

खरा धोका पुढे होता. तो आला तो चांगल्या बातमीतून.

लष्कर भागातल्या एका मुलांच्या शाळेत ड्रिल मास्तर हवा होता. जानेवारीत सव्वीस तारखेच्या संचलनाआधी उमेदवारांना मैदानावर बोलावून पाहणार होते. मामासाहेबांनी अर्ज केला. डॉक्टरांनी तोवर मात्रा हळूहळू वाढवून एका गोळीवर आणली होती आणि पुढे महिनाभर तीच ठेवा म्हणाले होते. मामासाहेबांना महिनाभर धीर धरवत नव्हता. चालताना अजून दम लागे, लांबलचक हुकूम देताना आवाज मधेच बसे.

त्या दिवसांत कान्होजी आले. मामासाहेबांच्याच पलटणीतले हवालदार, आता सचिवालयात चपराशी. सरकार इंदूरहून ग्वाल्हेरला आलं की फायलींच्या पेट्यांबरोबर तेही यायचे. जिवाला जीव देणारा माणूस. त्यांनी बाटली हातात घेऊन पाहिली.

“एका गोळीने एवढा फरक, तर दोन घेतल्या तर?”

“डॉक्टर नको म्हणतात.”

“डॉक्टर लोगों का क्या. त्यांना कुठे परेड घ्यायची आहे? आणि दवाई संपायची चिंता करू नका, मी इंदूरहून मोठी बाटली आणलीय. वही चीज है, नाव बघून घेतलंय.”

नाव तेच होतं. ताकद तीच नव्हती. कान्होजींच्या बाटलीतली एक गोळी घरच्या चार गोळ्यांएवढी जोरकस होती. तो आकडा बारीक अक्षरांत इंग्रजीत छापलेला होता, तो दोघांपैकी कुणी पाहिला नाही. मामासाहेब त्या बाटलीतल्या दोन गोळ्या रोज घेऊ लागले. सासूबाईंना सांगितलं नाही. जुनी बाटली कपाटात होती तशीच होती, आणि सासूबाईंना वाटे हे त्यातलीच घेतात.

पहिले काही दिवस फार झकास गेले. मामासाहेब चार वाजता उठून आंघोळ करून ओट्यावर फेऱ्या मारायचे. भूक वाढली, गप्पा वाढल्या. गल्लीतल्या लोकांनी म्हटलं, सुभेदार परत आले. मग हळूहळू चित्र बदललं. कडाक्याच्या थंडीत ते घामाने भिजायचे. चहाची बशी हातात धरली की तिच्यावरचा कप किणकिणायचा. लहानसहान गोष्टीवरून ओरडायचे, एकदा तर सासूबाईंनी पेढा देवापुढे ठेवायला उशीर केला म्हणून ताट भिरकावलं. अंगावरचे कपडे सैल झाले. सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टरांकडे चला.” ते म्हणाले, “परीक्षा होऊ दे, मग चलतो.”

मैदानावर त्या सकाळी मुलांची एक तुकडी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती उत्तम चालवली. हुकूम खणखणीत, वेळेवर. मुख्याध्यापक खूश होऊन पुढे आले. मग मुलांबरोबर मैदानाला एक धावती फेरी मारून दाखवायची होती. अर्ध्या फेरीत मामासाहेब थांबले, छातीवर मूठ दाबून खाली बसले. ओठ पांढरे पडले होते.

शाळेच्या लोकांनी त्यांना टांग्यात घालून थेट भागवतांच्या दवाखान्यात पोचवलं. निरोप मिळताच सासूबाई धावत गेल्या. डॉक्टरांनी नाडी पाहून विचारलं, “किती घेता?”

मामासाहेबांनी कोटाच्या खिशातून कान्होजींची बाटली काढली. डॉक्टरांनी ती खिडकीशी नेऊन वाचली आणि खुर्चीत बसले. ते चिडले नाहीत. सासूबाई म्हणायच्या, ते चिडले असते तर मला कमी भीती वाटली असती.

“सुभेदार, तुम्ही ठरलेल्या मात्रेच्या आठपट औषध घेत होता. तुमचं हृदय या कित्येक दिवसांत झोपेतसुद्धा पळत होतं.”

“नाव तेच होतं,” मामासाहेब म्हणाले.

“बंदुकीच्या गोळीचं नावही गोळीच असतं. ती कुठल्या बंदुकीची आहे हे तुम्ही बघता की नाही?”

गोळ्या बंद झाल्या. हे औषध अंगातून सावकाश उतरतं, म्हणून मामासाहेबांना बरेच दिवस पडून राहावं लागलं. जिनाही चढायचा नाही. सासूबाई सगळ्यात जास्त कशाने दुखावल्या होत्या, तर लपवण्याने. त्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्या उशाशी बसून म्हणाल्या, “रजई मागितलीत तेव्हा मी तुमच्यावर विश्वास ठेवला, की थंडी खरंच वाजतेय. तुम्ही माझ्यावर ठेवला नाहीत.”

मामासाहेब म्हणाले, “मला वाटलं तुम्ही नको म्हणाल.”

“म्हटलंच असतं.”

कान्होजी कळल्यावर आले ते दारातच उभे राहिले. आत यायची हिंमत होईना. मामासाहेबांनीच हाक मारून बसवून घेतलं. ते गेल्यावर सासूबाईंनी इंदूरची बाटली डॉक्टरांकडे पोचती केली.

शाळेतली जागा दुसऱ्याला मिळाली. मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला की कवायत छान झाली होती, पण प्रकृतीची जोखीम घेता येत नाही. मामासाहेबांनी तो ऐकून मान डोलावली. दुसऱ्यांदा मैदानावरून परत यावं लागलं होतं. यावेळी मात्र ते बाजेला चिकटले नाहीत. छाती शांत झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा अर्ध्या गोळीपासून सुरुवात केली, आणि मामासाहेबांनी ती मुंगीच्या चालीने चढू दिली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांना सोसेल अशी मात्रा सापडली आणि तीच कायम राहिली.

त्या पावसाळ्यातच लीलाताई घरी आल्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांना मुलींना कवायत शिकवायची होती, आणि तरुण मास्तर ठेवला तर आईबाप मुलींना घरी बसवतील अशी भीती होती.

“पन्नाशीला आलेला, घरंदाज आणि आवाज असलेला माणूस हवाय,” त्या म्हणाल्या. “तुमच्याबद्दल ऐकलं.”

“काय ऐकलंत? मैदानात पडलो तेही ऐकलं असेल.”

“ऐकलं. आता कसे आहात?”

“डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर येतो.”

लीलाताईंनी खरंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, पळू देऊ नका, बाकी सगळं करतील. मामासाहेब त्या शाळेत नऊ वर्षं होते. सुरुवातीला काही पालकांनी कुरकुर केली. एक गृहस्थ तर रोज कुंपणाशी उभे राहून पाहत. मामासाहेबांनी त्यांना एकदा आत बोलावलं आणि मुलींच्या रांगेत शेवटी उभं केलं. कवायत संपेपर्यंत त्यांचा उजवा-डावा तीनदा चुकला. पुन्हा ते आले नाहीत. लष्कर भागातल्या रस्त्यावरून मुलींची तुकडी पाऊल मिळवून गेली, ती मीही नवी सून म्हणून नातेवाइकांबरोबर उभी राहून पाहिली.

लग्नानंतर एकदा मी त्यांच्याबरोबर नई सडकेवर औषध आणायला गेले होते. दुकानदाराने नवीच बाटली पुढे केली. मामासाहेबांनी खिशातून जुनी रिकामी बाटली काढून शेजारी ठेवली, चष्मा लावला.

“सूनबाई, तुम्हाला इंग्रजी येतं. दोन्हींवरचे आकडे वाचा.”

मी वाचले. वेगळे होते.

दुकानदार म्हणाला, “सुभेदार साहब, दवाई तो वही है, कंपनी दूसरी है.”

“वही नहीं है, भैया. पहले डॉक्टर साहब से पूछेंगे.”

आम्ही दवाखान्यात गेलो. भागवतांनी आकडा पाहून सांगितलं, ही असेल तर अर्धीच घ्या. एवढ्या साध्या गोष्टीसाठी उन्हातून एवढी पायपीट, असं मला तेव्हा वाटलं होतं. आधीचा प्रकार मला सासूबाईंनी त्यानंतर सांगितला.

१९५६ च्या नोव्हेंबरात पुन्हा सगळं हललं. मध्य भारत संपला, मोठा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. माझे यजमान महिपतराव सचिवालयात कारकून होते. पेट्या-पलंगासकट आम्ही भोपाळला गेलो. घरं कमी आणि माणसं फार, म्हणून जुन्या बराकींना पडद्या घालून क्वार्टर केलेले. पडदीपलीकडे मुकुंदराव आणि इंदुताई राहत. ते नागपूरच्या सचिवालयातून आलेले. आमची मराठी त्यांना हिंदीसारखी वाटे, त्यांची आम्हाला गमतीची. पण परक्या गावात मराठी बोलणारं शेजारी असणं हीच मोठी गोष्ट होती.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मामासाहेब आणि सासूबाई आमच्याकडे आले. इंदुताई तेव्हा फार थकलेल्या दिसत. चेहरा फिका आणि सुजट, नळावर बादली भरेपर्यंत मधेच खाली बसत. संध्याकाळी गार वाटतं म्हणत. मुकुंदरावांना आमच्या घरातल्या गप्पांतून मामासाहेबांच्या आजाराची माहिती झाली होती. एका सकाळी ते आले आणि हात चोळत म्हणाले, “काका, हिचं सगळं तुमच्यासारखंच होऊन राहिलं आहे. तुमच्याजवळ गोळ्या आहेतच. आठवडाभराच्या दिल्या तर बघितलं असतं लागू पडतं का. दवाखान्यात दिवस मोडतो, साहेब रजा देत नाही.”

मामासाहेब म्हणाले, “मुकुंदराव, माझं जेवण मागा, माझं अंथरूण मागा. ही गोळी मी देणार नाही.”

मुकुंदरावांचा चेहरा पडला. मलाही क्षणभर वाटलं, शेजाऱ्याला इतकं तोडून बोलायला नको होतं.

मामासाहेब उठले, कोट घातला. “माझी गोळी माझ्या अंगाच्या मापाची आहे. एकदा दुसऱ्या मापाची घेतली, तर मैदानात कोसळलो होतो. तुम्ही कचेरीत जा. मी आणि सूनबाई इंदुताईंना दवाखान्यात नेतो. दिवस मोडला तर आमचा मोडेल.”

आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात गेलो आणि दुपार होईपर्यंत रांगेत बसलो. इंदुताई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होत्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली, बोटातून रक्त काढून तपासायला दिलं. मामासाहेब दाराबाहेर उभे. बाईंनी मला आत बोलावून सांगितलं, अंगात रक्त फार कमी आहे, छातीत धडधड त्यानेच होते. हृदयावर आधीच ताण आहे, पोटात जंत असतील तेही बघू. लोहाचं औषध दिलं.

मी धीर करून विचारलं, “थायरॉइडची गोळी दिली असती तर?”

बाई चमकल्या. “कुणी दिली का?”

“नाही.”

“नशीब. अशा स्थितीत हृदयाला ती झेपली नसती.”

बाहेर येऊन मी मामासाहेबांना सांगितलं. त्यांनी फेटा सारखा केला, म्हणाले, “मला वाटत होतं तेच दुखणं असेल. माझंही चुकलंच की.” मग इंदुताईंना विचारलं, “टांगा बघू का, पोरी? चालवेल तुला?”

इंदुताई दिवाळीपर्यंत चांगल्या सुधारल्या. पुढे त्यांना मुलगी झाली तेव्हा बारशाला मामासाहेब ग्वाल्हेरहून मुद्दाम आले, आणि त्या बराकीच्या अंगणात नावाचा घोष असा काही केला, की पाळण्यातली पोर दचकून रडायला लागली आणि सासूबाईंनी सगळ्यांसमोर त्यांना दटावलं.